समाजाची वेबसाइट आणि दोन सुब्बाराव

जे. पी. नगर, बेंगळूरु
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप सुब्बाराव मामांच्या चरणी पवित्राचा नमस्कार. मामींनाही.

इकडे सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही तेल लावून घेता पण चालायला जात नाही, असं मामींकडून कळलं. तेल गुडघ्याला लावायचं असतं, सबबीला नाही. (हे मी नाही, मामी म्हणाल्या.) डोळ्यांचे थेंब चालू असतील, कॉफी दोनदाच घेत असाल, असं मी धरून चालते. तुमच्या नातवाचा, गुंडूचा, पुढचा दात पडला म्हणे. तो त्याने शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवला हेही कळलं. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरता आणि मी काहीही विचारलं तरी मैसुरात पाऊस नाही एवढं सांगून ठेवता. शिवाय मराठीत पत्र लिहिणारी माणसं आपल्या घरात आता तुम्ही आणि मी, दोघंच उरलो. बाकीचे मराठीत बोलतात, भांडतात, पण लिहायची वेळ आली की कन्नडात नाहीतर इंग्रजीत शिरतात. मुळाक्षरं तुम्हीच मला दुकानात, मापाच्या खडूने कापडाच्या कातरणांवर गिरवून शिकवलीत. ती वाया गेली नाहीत हे कळावं म्हणून हे पत्र स्वल्प लांब होईल. बसून वाचा.

समाजाची वेबसाइट झाली. मी केली. एकटीने केली.

(जन्मभर मी कॉलेजात मुलांना विशेषणं गाळायला शिकवलं. वरच्या ओळीत एकही नाही. गरजही नाही.)

उगादीनंतरच्या सभेला तुम्ही नव्हता, म्हणून तिथलं सांगते. आपले अध्यक्ष विठोजी उभे राहिले आणि म्हणाले की आता सगळ्या समाजांच्या वेबसाइट आहेत, आपलीच नाही. घराघरातली नावं, मुलांची बक्षिसं, ज्येष्ठांचे सत्कार, सगळं तिच्यावर यायला हवं. इलेक्ट्रॉनिक सिटीतली एक कंपनी करून द्यायला तयार आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाहीतर पवित्राक्का, तुमच्या घरातच सॉफ्टवेअरवाले आहेत. तुमच्या यजमानांना, प्रदीपकुमारांना स्वल्प सांगा की." मी उभी राहिले. म्हटलं, ते बँकांसाठी लिहितात, समाजासाठी मी लिहीन. "तुम्ही? तुम्ही तर कविता शिकवायच्या." हो, म्हटलं. "सरी, ठीक आहे. वार्षिक मेळाव्यापर्यंत वेळ. गडबड झाली तर कंपनीला देऊन टाकू. मग वाईट वाटून घ्यायचं नाही हं, अक्का." सभा हसली. प्रदीपकुमार छताच्या पंख्याकडे बघत होते. तेव्हा मी मनात दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, त्यांना एक अक्षर विचारायचं नाही. दुसरी तुमच्याबद्दलची होती. मागच्या मेळाव्यात पंचाहत्तरीच्या शालींची नावं तोंडीच ठरली आणि तुमचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, घरी येऊन ताटावरून उठलात. माणसं विसरतात. यंत्र विसरणार नाही, असं मला वाटलं.

आता वेबसाइट कशी करतात ते तुमच्या शब्दांत सांगते. पायथन नावाची एक भाषा आहे, संगणकाशी बोलायची. तिच्यात सगळं पहिल्यापासून लिहायचं तर सुती धागा काढण्यापासून सुरुवात करावी लागेल. म्हणून लोकांनी एक सांगाडा तयार करून ठेवला आहे, त्याचं नाव जँगो. तुम्ही शर्टाचे कागदी आकार कापून खिळ्याला टांगून ठेवायचात तसा. कॉलर, बाही, खिसा, सगळं असतं. आपण फक्त आपल्या गिऱ्हाइकाच्या मापाने कापायचं. मी महिनाभर व्हिडिओ बघून शिकले. व्याकरण काटेकोर आहे, ओळ कुठून सुरू होते यालाही अर्थ आहे. (मी हे कवितेबद्दल सांगायची तेव्हा मुलं जांभया द्यायची. यंत्र जांभई देत नाही, सरळ नकार देतं. मला असे विद्यार्थी मिळाले नाहीत.)

साइट माझ्या लॅपटॉपवर सुंदर दिसत होती. हळदी पट्टा, मध्ये देवीचं चित्र, खाली कापडाची किनार. मेळाव्याला पुष्कळ दिवस असताना मी ती जगापुढे ठेवली. ठेवताना एक कळ बंद करावी लागते. ती चालू असेपर्यंत जँगो कारागिराच्या सोयीने वागतो, म्हणजे चूक झाली की आतली शिवण, अस्तर, गाठी, सगळं उलटून दाखवतो. शिवणाऱ्याला ते बरं, पण गिऱ्हाइकासमोर ट्रायल रूमचा पडदा उघडा ठेवण्यासारखं. मी कळ बंद केली आणि मोठ्या विश्वासाने साइट कमिटीला दाखवली. पडद्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं, निळ्या रेघा मारलेली, एकाखाली एक. पट्टा नाही, देवी नाही, किनार नाही. विठोजी वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "साधी आहे." मी म्हटलं, मी साधेपणाचीच माणूस आहे. घरी येऊन कळलं की ती कळ बंद केली की जँगो रंग, चित्रं, कपडे स्वतः वाढायचं सोडून देतो. ते सगळं गोळा करून एका पेटीत भरून ठेवायचं आणि वाढायला दुसरा माणूस नेमायचा असतो. मी वराला मंडपात उभं केलं होतं आणि त्याचा कोट ट्रंकेत घरी होता. एका हुकमाने पेटी भरली, दुसरा माणूस नेमला, नवरदेव नटला. प्रदीपकुमार व्हाइटफील्डच्या ऑफिसातून आले, मागे उभे राहून म्हणाले, "मला विचारलं असतंस तर…" मी म्हटलं, म्हणूनच नाही विचारलं.

मग साइट आपल्याच नावाने उघडेना. जँगोला आधी सांगून ठेवावं लागतं की या पत्त्यावर आलेल्यांना आत घे. नाहीतर तो आमच्या अपार्टमेंटच्या गेटवरच्या अण्णासारखा वागतो. (त्याने मागच्या महिन्यात मलाच विचारलं, कुणाच्या घरी जायचंय? मी अकरा वर्षं त्याच इमारतीत राहते.) पत्ता लिहिला, गेट उघडलं. लोक आत आले, नावं भरायला लागले आणि पाठवा म्हटलं की साइट त्यांना "मज्जाव" असं सांगून हाकलू लागली. अख्ख्या समाजाला मज्जाव. तानूबाई अक्कांनी मला फोन केला, "काय ग, आमच्या घरात काही सुतक आहे असं त्याला कुणी सांगितलं?" तसं नव्हतं. जँगो प्रत्येक आलेल्या माणसाच्या हाती एक गुपचूप खूण देतो आणि अर्ज परत देताना ती खूण मागतो, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याच्या नावाने भलताच अर्ज सरकवू नये. मी अर्जात ती खूण ठेवायलाच विसरले होते. एका ओळीचं काम. ओळ लिहिली आणि नावं येऊ लागली. पावसासारखी म्हणणार होते, पण मैसुरात पाऊस नाही.

या काळात एक किरकोळ गोष्ट केली, तीही सांगते, कारण तिच्यात माझी समज दिसते. साइटवर माणसं वयाने उभी केली होती, मोठे आधी. आया तक्रार करू लागल्या की आमच्या मुलांचे फोटो बघायला आधी सगळ्यांच्या आजोबांवरून बोट फिरवत खाली जावं लागतं. मी एका जागी वजाबाकीचं एक छोटं चिन्ह घातलं आणि लहान वर आले, मोठे खाली गेले. सगळ्या साइटभर, एका चिन्हाने. मी ते करून टाकलं आणि विसरले. कारागिरी अशीच असावी.

आता खरी लढाई. मी अगदी सुरुवातीला जँगोला सांगून ठेवलं होतं की एका नावाचं एकच माणूस असेल. ट्रायलही घेतली होती, तुमचा नियम आहे, अंगावर घालून बघितल्याशिवाय काज करायचं नाही. मूठभर कल्पित माणसं तयार केली, त्यांना नावं दिली, सगळं नीट चाललं. मामा, मी साहित्याची माणूस. एका गोष्टीत दोन पात्रांना एकच नाव देणारा लेखक मी कधी वाचला नाही. पण आपल्या समाजात थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव. तो नियम कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नाही. त्यामुळे आजोबांचं नाव भरून झालं की नातवाला साइट म्हणायची, हे नाव आधीच आहे. लोक चिडले. एक सूनबाई मला म्हणाल्या, "अक्का, तुमची साइट आमच्या मुलाला नाहीच म्हणते. मी पण नऊ महिने काही केलं नाही का?" मी शोधलं आणि एक हुकूम सापडला, त्या नावाचं माणूस असेल तर त्याची माहिती नवी कर, नसेल तर नवं माणूस कर. घातला. तक्रारी थांबल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला, तो मी लपवला नाही. प्रदीपकुमारांना कॉफीबरोबर सांगितला. ते नुसतं "हं" म्हणाले. बँकांसाठी लिहिणाऱ्या माणसाचं "हं" तुम्ही ऐकलं नसेल. त्यात व्याज असतं.

काही दिवसांनी सत्काराची नावं काढायची म्हणून मी साइटला पंचाहत्तरीच्या वरचे सगळे विचारले. स्त्रिया आल्या, भरपूर. पुरुष जवळजवळ नाहीच. चार-दोन आले, ते बिननातवाचे. मामा, प्रत्येक नातू भरला गेला तसा तो आपल्या आजोबांवर जाऊन बसला होता. नाव तेच, वर्ष नवं, वर्ग नवा, फोटो नवा. बायका वाचल्या, कारण नातींना आजींची नावं कुणी देत नाही. गोदूबाईंची नात स्मृती आणि सरस्वतीबाईंची रम्या. सगळ्यात आधी गेलात ते तुम्ही. सुब्बाराव, मैसूर, इयत्ता तिसरी, आवड कॅरम. मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत बसले. माणसं विसरतात म्हणून यंत्र आणलं होतं आणि यंत्राने तुम्हालाच पहिल्यांदा गिळलं होतं.

वाट तानूबाई अक्कांनी दाखवली, तीही न दाखवता. त्यांना फोनवर नावं सांगायची होती, कारण बोटांनी ती छोटी अक्षरं जमत नाहीत. मी विचारलं, यजमानांचं नाव? "ते कसं घेऊ ग मी?" म्हटलं अक्का, ते जाऊन किती वर्षं झाली. "ते गेले, मी आहे की!" बरं, नातवाचं नाव? "गुंडू." (तुमचा नाही, त्यांचा.) शाळेतलं? "शाळेत यांचंच आहे, म्हणून तर घरात गुंडू. तुझं शिक्षण झालंय ना?" शेवटी त्यांनी फोन शेजारणीला दिला आणि शेजारणीने कन्नडमध्ये दोन्ही नावं सांगितली. शेजारणीच्या तोंडून यायला हरकत नव्हती. मी फोन ठेवला आणि मला उमगलं. नवऱ्याचं नाव आजी घेत नाही आणि सासऱ्यांच्या नावाने सून मुलाला ओरडू शकत नाही, म्हणून आपल्यात प्रत्येक नातवाला घरचं वेगळं नाव असतं. म्हणजे माणूस ओळखायची सोय समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आधीच करून ठेवली होती. मी साइटवर एक नवा रकाना केला: घरात काय म्हणतात. नाव आणि घरचं नाव, दोन्ही मिळून एक माणूस. मी हे एका कागदावर लिहून भिंतीला लावलं. तो कागद अजून आहे.

नवा रकाना जोडताना जँगो थांबला आणि त्याने मला एक प्रश्न विचारला. आधीच्या माणसांच्या या रकान्यात काय घालू, एकदाच सांगा. मला वाटलं तो उदाहरण मागतो आहे. नव्या गोष्टीला उदाहरण मागणं मला विद्यार्थ्याचं चांगलं लक्षण वाटतं. मी लिहिलं: गुंडू. तो "ठीक आहे" म्हणाला आणि त्याने समाजातल्या प्रत्येक माणसाला, स्त्रीला, मुलाला आणि देवळाच्या पुजाऱ्यांना गुंडू करून टाकलं. हे मला कळलं असतं तर मी थांबले असते. पण त्याच सकाळी मी मेळाव्याच्या आमंत्रणाचा निरोप सगळ्यांना पाठवण्याची व्यवस्था केली होती, आणि निरोप आपुलकीचा वाटावा म्हणून सुरुवातीला घरचं नाव टाकलं होतं. नमस्कार गुंडू, मेळाव्याला सहकुटुंब या. प्रदीपकुमारांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि मोजे घालू लागले. ते दारापर्यंत गेले आणि मग खांदे हलताना दिसले.

विठोजींचा फोन आला. "अक्का, मला गुंडू कुणी म्हटलं?" साइटने म्हटलं, मी सांगितलं. मला वाटलं, झालं, आता कंपनीचं नाव निघणार. तर ते हळू आवाजात म्हणाले, "आमची आई म्हणायची." मग लगेच, "ते राहू दे. मेळाव्यापर्यंत सगळं सरी झालं पाहिजे. नाहीतर इलेक्ट्रॉनिक सिटी. मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी." तानूबाई अक्कांनी मात्र फोन करून सांगितलं की यंत्राने त्यांना गुंडू म्हटलं ते त्यांना आवडलं, उगीच बाई-बाई करण्यापेक्षा बरं.

मी घरोघर फोन केले, खरी घरची नावं विचारली आणि भरली. त्यातून असं निघालं की समाजातल्या निम्म्या नातवांना खरोखरच गुंडू म्हणतात, आणि उरलेल्यांना पुट्टा, म्हणजे छोटू. म्हणजे दोन घरांत एकाच नावाचे दोन गुंडू निघणारच, आणि भिंतीवरचा कागद काही फार उपयोगाचा नव्हता. तो मी काढला नाही, पाठ केला आहे. मग बारकाईने वाचताना दिसलं की जँगो अगदी पहिल्या दिवसापासून, मी न सांगता, प्रत्येक माणसाला आतल्या आत एक क्रमांक देत होता. नावं कितीही सारखी असोत, तो गोंधळत नाही. मीच त्याला नावांचा आग्रह धरायला लावला होता. आग्रह काढला. घरचं नाव तेवढं ठेवलं, हाक मारायला.

शेवटी गिळलेल्या आजोबांना बाहेर काढलं. जुने अर्ज चाळून प्रत्येकाचं जन्मवर्ष आणि फोटो परत भरला. मग एक छोटा कार्यक्रम लिहिला: एका नावाचे दोघे असतील तर त्यांना वयाने उभं कर, पहिल्याला ज्येष्ठ म्हण, दुसऱ्याला विद्यार्थी, आणि मेळाव्याची नावं त्याप्रमाणे काढ. एका दमात चालला. एक चूक दाखवली नाही. दोन सुब्बाराव वेगळे झाले, तुम्ही आणि गुंडू. पंचाहत्तरीचे पुरुष समाजाला परत मिळाले. शालींसाठी जितकी नावं हवी होती तितकी आली, बक्षिसांसाठी तितकी. मी संख्या जुळवली, विठोजींना पाठवली आणि त्यांनी ती, जशी साइटवरून आली तशी, बॅनर करणाऱ्याला दिली. "कंपनीने यापेक्षा काय केलं असतं?" असं ते स्वतः म्हणाले. प्रदीपकुमार जवळच होते. मी त्यांना ते वाक्य पुन्हा ऐकवलं.

तर मामा, रविवारी सकाळी मेळावा आहे. तुमच्या नावाने शाल आहे. या वेळी कुणाच्या तोंडावर अवलंबून नाही. रेल्वे स्टेशनवर प्रदीपकुमार गाडी घेऊन येतील. तुम्ही, मामी आणि गुंडू, तिघंही या. पांढरा शर्ट इस्त्रीचा घाला, तुम्ही शिवलेला, विकतचा नको. माझं काम झालं आहे आणि ते चांगलं झालं आहे. हे मी दुसऱ्या कुणाला असं लिहिणार नाही.

तुमची भाची,
पवित्रा

ता. क. पत्र बंद करता करता बॅनरवाल्याने मोबाइलवर फोटो पाठवला. बॅनर कापडी आहे, मोठा, शिवण सरळ. डावीकडे "ज्येष्ठांचा सत्कार" आणि त्याखाली शाळेच्या गणवेशात तुम्हा ज्येष्ठांचे सगळे नातू. उजवीकडे "गुणवंत विद्यार्थी" आणि त्याखाली तुम्ही सगळे आजोबा. तुमचा फोटो छान आला आहे. खाली "इयत्ता तिसरी" लिहिलं आहे.

ता. क. २. ते वजाबाकीचं चिन्ह, मामा. साइट सगळ्यांना लहान आधी उभं करत होती, कारण मीच सांगितलं होतं. माझ्या कार्यक्रमाने पहिल्याला ज्येष्ठ म्हटलं. संख्या जुळणारच होत्या. साइट मी आत्ता दुरुस्त केली, एक शब्द पुरला. पण कापड छापून झालं आहे, गुंडाळून हॉलवर पोचलं आहे आणि रविवारी सकाळी व्यासपीठावर सगळ्यांसमोर उलगडायचं आहे. नावं बॅनरवरूनच पुकारणार. नवा करायचा तर विठोजींना का ते सांगावं लागेल. सांगितलं की इलेक्ट्रॉनिक सिटी.

ता. क. ३. म्हणून विनंती. विठोजी काजं करायला तुमच्या दुकानात शिकले. अजून तुमच्यासमोर खुर्चीला पाठ टेकत नाहीत. तुम्ही म्हटलेलं ते खोडणार नाहीत. बॅनर उलगडला, लोक हसायच्या आत, तुम्ही उठा (गुडघ्याला सकाळी तेल लावा) आणि सांगा की आपल्यात असंच असतं. शाल आधी नातवाच्या खांद्यावर घालतात, मग तो ती आजोबांच्या खांद्यावर घालतो. बक्षीस आधी आजोबांच्या हाती देतात, ते नातवाला देतात. नाव एकच, माणसं दोन, म्हणून बॅनर असा. बाकीचे म्हातारे मान डोलावतील. न आठवणाऱ्या गोष्टीला ते नेहमीच मान डोलावतात. कधीपासूनची पद्धत, असं कुणी विचारलं तर "पूर्वीपासून" एवढंच म्हणा. साइटवर "आपल्या प्रथा" या पानावर मी ते आत्ताच लिहिलं आहे. प्रदीपकुमारांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "यात मात्र एकही चूक नाही." हे मी विचारण्यात धरत नाही.

ता. क. ४. पाकिटावरचा पत्ता मी साइटवरून छापला होता, दुरुस्तीच्या आधी. कुरिअरवाला घेऊन चालला आहे, तो दारात उभा आहे, हा कागद मी त्याच्या हातातल्या पाकिटात सरकवते आहे. वर "कुमार सुब्बाराव, इयत्ता तिसरी" असं आहे. तेव्हा गुंडू, पाकीट तू फोडलं असशील तर शहाण्यासारखं हे आजोबांना नेऊन दे. तुला मराठी वाचता येत नाही हे मला माहीत आहे, पण आजोबा खडू घेऊन तुलाही शिकवत असतील तर येतही असेल. येत असेल तर एक सांगते, पुट्टा. रविवारी मोठ्या माणसांनी तुझ्या खांद्यावर शाल घातली की हसायचं नाही. ती काढायची आणि आजोबांना पांघरायची, दोन्ही हातांनी, हळू, डाव्या खांद्यावरून. त्यांना ती फार दिवस घालायची आहे.